नाताळचे ताट आणि पेरूची वडी



आगमनकाळ लागला की रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या अंगणात एक विषय हमखास निघतो. यंदा नाताळला घरी काय करायचे आणि बाजारातून काय आणायचे? महिला मंडळाच्या मागच्या बैठकीत एका भगिनीने तर सरळच विचारले, "फादर, नारळ एवढा महाग, टाइम कोणाजवळ नाही, दुकानात सारं भेटते. मंग घरी काहून करा लागते?" बैठकीत हशा पिकला, पण उत्तर कोणी दिले नाही. आम्हीही त्या वेळी दिले नाही. 'आपली परंपरा आहे' असे म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण परंपरा आहे म्हणजे का आहे, हाच तर त्या भगिनीचा प्रश्न होता. म्हणून या आठवड्याचा आपला अभ्यास नाताळच्या गोडावर आहे. त्यात थोडे पवित्र शास्त्र आहे, थोडा इतिहास आहे आणि बरेचसे स्वयंपाकघर आहे.

आधी एक गोष्ट कबूल करायला हवी. मागच्या नाताळात पॅरिश हाऊसच्या जेवणाच्या टेबलावर मिठाईचे सव्वीस डबे होते. आम्ही मोजले म्हणून आकडा लक्षात आहे. काजू कतली, सोनपापडी, केक, चॉकलेटे. तुम्ही प्रेमाने दिलेत, त्याबद्दल तक्रार मुळीच नाही. घरात माणसे मात्र तीन. वाटून वाटून किती वाटणार? नवीन वर्ष उजाडेपर्यंत दोन डब्यांना मुंग्या लागल्या आणि ते टाकून द्यावे लागले.

त्याच जानेवारीत प्रभुप्रकटीकरणाच्या सणानंतर आम्ही घरांना आशीर्वाद देण्यासाठी निघालो. एका घरी नोव्हेंबरमध्ये आई गेली होती. घरात वडील आणि दोन मुली. (त्यांची परवानगी घेऊनच हे लिहीत आहोत, घर कोणते ते विचारू नये.) प्रार्थना झाल्यावर थोरल्या मुलीने चहाबरोबर बशीत चार बिस्किटे ठेवली आणि खाली मान घालून म्हणाली, "फादर, यंदा आमच्याकडं गोडाचं काहीच नाही." दुःखाच्या वर्षी घरात तळण करत नाहीत, गोड रांधत नाहीत, हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. अशा घरी शेजारपाजाऱ्यांनी, नातेवाईकांनी ताट न्यायचे असते, हेही सर्वांना ठाऊक आहे. दिवाळीला हिंदू शेजारी हेच करतात. आम्ही विचारले, "कोणी काही आणलं नाही?" ती म्हणाली, "सगळ्यांना वाटलं असेल, दुसऱ्यानं दिलं."

त्या घरापासून पॅरिश हाऊस चालत दहा मिनिटांवर आहे. आमच्या टेबलावर सव्वीस डबे होते आणि आमच्याही मनात हा विचार आला नव्हता. तेव्हा पुढे जे लिहितो आहोत ते प्रथम आम्हाला लागू आहे.

आता पवित्र शास्त्राकडे वळू. जुन्या करारातील नहेम्याच्या पुस्तकाचा आठवा अध्याय काढावा. बाबेलच्या बंदिवासातून परतलेले लोक यरुशलेमेत पाणीवेशीसमोरच्या चौकात जमले आहेत. एज्रा शास्त्री पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचून दाखवतो. ते ऐकून लोक रडू लागतात, कारण आपण किती चुकलो ते त्यांना कळते. नहेम्या, एज्रा आणि लेवी त्यांना सांगतात की आजचा दिवस पवित्र आहे, रडू नका. घरी जा, चांगलेचुंगले खा, गोड प्या आणि ज्यांच्या घरी काही शिजवलेले नाही त्यांना त्यांचा वाटा पाठवा. हे दहावे वचन आहे. एस्तेरच्या पुस्तकात नवव्या अध्यायातही पुरीमच्या सणाला एकमेकांना पदार्थांचे वाटे आणि गरिबांना दान पाठवण्याची प्रथा सांगितली आहे.

नहेम्याच्या वचनातला क्रम पाहण्यासारखा आहे. वाटा कोणाला पाठवायचा? ज्याने आपल्याला पाठवला त्याला, किंवा ज्याच्याशी आपले काम पडते त्याला, असे तेथे म्हटलेले नाही. ज्याच्या घरी चूल पेटलेली नाही त्याला, असे म्हटले आहे. चूल का पेटली नाही, तो आळशी आहे की दुःखी आहे की गरीब आहे, याचीही चौकशी नाही.

गोवा, मंगळूर, वसई येथे नाताळचे ताट शेजारी नेण्याची रीत जुनी आहे. मंगळूरकडे या सगळ्या पदार्थांना मिळून 'कुस्वार' म्हणतात. नेवऱ्या, कुलकुल, दोदोल, कोकाद, चण्याच्या डाळीचे दोस, पेराद अशी त्या ताटाची नावे. आपल्या वऱ्हाडात ही रीत वेगवेगळ्या वाटांनी आली. कोणी रेल्वेच्या नोकरीनिमित्त आले, कोणी शाळा-दवाखान्यांत आले, आणि येथल्या मराठी घरांना तर रिकामे भांडे परत करायचे नाही, निदान चिमूटभर साखर तरी टाकून द्यायची, हे आधीपासून येतच होते. अकोल्यात वा अमरावतीत नाताळचे ताट शेजारच्या देशमुखांकडे गेले की संक्रांतीला तिळगूळ घेऊन तेच ताट परत येते, हा अनुभव तुमच्यापैकी अनेकांना आहे.

पण एक अडचण खरी आहे. समुद्रकाठच्या ताटाचा अर्धा भाग नारळावर उभा आहे. दोदोलला नारळाचे दूध आणि माडाचा गूळ, कोकादला खोबरे. आपल्याकडे माड नाही. बाहेरून येणाऱ्या नारळावर पन्नास घरांचा नाताळ कसा करावा? येथे आपल्या पॅरिशमधील एक आजी मदतीला आल्या. या आजी लग्न होऊन गोव्याहून भुसावळला आल्या आणि नवऱ्याच्या बदलीबरोबर अकोल्याला. आता त्यांची भाषा अस्सल वऱ्हाडी झाली आहे. त्या म्हणाल्या, "नारळाचं काय घेऊन बसले फादर? पेरू पाहा ना बाजारात. पेराद करा."

पेराद म्हणजे पेरूची वडी. जरा या वडीचा प्रवास पाहू, म्हणजे आजींचे म्हणणे किती योग्य आहे ते कळेल. पोर्तुगालमध्ये 'मार्मेलो' नावाचे एक आंबटतुरट फळ होते. त्याचा गर साखरेत आटवून वडी करतात ती 'मार्मेलाडा'. इंग्रजी मार्मलेड हा शब्द तिथलाच. पोर्तुगीज ब्राझीलमध्ये गेले, तेथे ते फळ मुबलक नव्हते, पेरू होते. मग पेरूची वडी झाली, 'गोयाबाडा'. पेरू हे मूळ अमेरिका खंडातले फळ. ते आपल्याकडे आले आणि गोव्यात पेराद होऊ लागली. म्हणजे या पदार्थाने प्रत्येक मुक्कामी तेथले फळ स्वीकारले आहे. नाताळचे गोड खरे कोणते, या वादात म्हणूनच फारसा अर्थ नाही. मृग बहाराचा पेरू वऱ्हाडात नोव्हेंबरपासून उतरू लागतो आणि ऐन आगमनकाळात स्वस्त असतो. एवढे पुरेसे आहे.

आणखी एक गंमत. मुलांना जी 'कँडी' आवडते तो शब्दही मूळचा आपलाच. संस्कृत 'खंड', आपली 'खांड', फारसी-अरबीत 'कंद', तेथून युरोपात 'कँडी'. साखरेचा 'शुगर' हाही 'शर्करा'चाच नातू. उलट, काठीच्या आकाराच्या लालपांढऱ्या कँडीचा अर्थ सांगणारे संदेश दरवर्षी मोबाइलवर फिरतात की तो येशूच्या नावाचे पहिले इंग्रजी अक्षर आहे, लाल पट्टा म्हणजे रक्त वगैरे. या कथेला इतिहासात आधार सापडत नाही. धर्मशिक्षणाच्या वर्गात ती सत्य म्हणून सांगू नये.

मध्ययुगात युरोपात साखर ही औषधविक्रेत्याकडे मिळणारी चीज होती. मसाले साखरेत वा मधात घोटून चाटण करीत, आपल्या आयुर्वेदातील अवलेहासारखे. मग प्रश्न आला की उपवासाच्या दिवशी असे चाटण घेतले तर उपवास मोडतो का? सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना हा प्रश्न संत थॉमस अक्वायनस यांच्या 'सुम्मा'मध्ये वाचून आम्ही वर्गात हसलो होतो. संतांचे उत्तर मात्र गंभीर आहे. चाटण पचनासाठी घेतले तर ते औषधासारखे, उपवास मोडत नाही. पण अन्नाऐवजी कपटाने भरपूर खाल्ले तर मोडतो. याचा अर्थ तेराव्या शतकातही औषधाच्या नावाखाली पोट भरणारे कोणी असणारच! हेतू आणि प्रमाण या दोन गोष्टींवर त्यांनी बोट ठेवले, ते साखरेच्या बाबतीत आजही उपयोगी आहे. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी 'सणाचा प्रसाद' म्हणून डॉक्टरांना फसवू नये.

उपवासाचा विषय निघालाच आहे तर, १९१७ च्या चर्च कायद्यानुसार नाताळच्या आदल्या दिवशी उपवास असे. पोप सहावे पॉल यांनी १९६६ साली 'पेनितेमिनी' या पत्राने नियम बदलले, तेव्हापासून राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे दोनच सार्वत्रिक उपवास राहिले. जुन्या घरांतून गोड आधी करून डब्यात बंद ठेवत आणि मध्यरात्रीच्या मिस्सानंतरच डबा उघडत. आधी करून ठेवायचे तर ते टिकाऊच हवे. म्हणून त्या ताटात दुधाची मिठाई कमी आणि पाकात आटवलेली वा तळलेली जिन्नस जास्त. आजीच्या घरी डब्याची किल्ली सासूच्या कमरेला असे, असे त्या सांगतात.

आता कृती. एका घरासाठी दोन किलो पेरू घ्यावेत. दीड किलो चांगले पिकलेले, वास सुटलेले, आणि अर्धा किलो जरा करकरीत. सगळेच पिकलेले घेऊ नयेत. वडी बांधून ठेवणारे 'पेक्टिन' नावाचे द्रव्य अर्धपक्व फळात जास्त असते. पेरू धुऊन, दोन्ही टोके काढून, फोडी करून गंजात थोडे पाणी घालून मऊ शिजवावेत. निवल्यावर चाळणीवर घासून गर काढावा, बिया वर राहतील. हे काम कंटाळवाणे आहे आणि येथेच मुलांना बसवावे, कारण पुढे त्यांना चुलीजवळ येऊ द्यायचे नाही. गर वाटीने मोजावा. एक वाटी गराला पाऊण वाटी साखर, गर आंबट असेल तर एक वाटी. साखर फार कमी करू नये. गोडी कमी होईल हा मुद्दा नाही, वडी धरणार नाही आणि टिकणारही नाही.

जाड बुडाच्या कढईत गर आणि साखर एकत्र करून मंद आचेवर ठेवावे. दोन लिंबांचा रस घालावा. लिंबाचे काम दुहेरी आहे. आंबटपणामुळे पेक्टिनची जाळी घट्ट बसते, आणि साखरेचा काही भाग फुटून ग्लुकोज व फ्रुक्टोज होतो, त्यामुळे वडीत साखरेचे खडे होत नाहीत. होळीच्या गाठ्यांना आणि संक्रांतीच्या हलव्याला आपल्याला स्फटिकच हवा असतो, म्हणून तो पाक वेगळा. येथे स्फटिक नको. कढईच्या कडेला चिकटलेली साखर ओल्या फडक्याने पुसून घ्यावी, कारण एक खडा आत पडला की त्याभोवती दुसरे जमू लागतात.

मग ढवळणे. एक ते दीड तास. लांब दांड्याचा लाकडी सराटा घ्यावा आणि हातभर बाहीचे कपडे घालावेत, कारण गर दाट होऊ लागला की फटफट उडतो. साधे पाणी १०० अंशांना उकळते; साखरेचा पाक आटत जाईल तसा त्याहून तापतो. गोळीबंद पाक सुमारे ११५ अंशांवर असतो, चिक्कीचा कडक पाक १५० च्या घरात. शिवाय तो कातडीला चिकटून बसतो. भाजलेच तर नळाच्या वाहत्या थंड पाण्याखाली वीस मिनिटे धरावे. हळद, टूथपेस्ट, तूप काहीही लावू नये. फोड मोठा असेल तर दवाखाना.

वडी झाली हे कसे ओळखावे? आम्ही आजींना विचारले की किती मिनिटांनी उतरवायचे. त्या म्हणाल्या, "फादर, पाक घडीवर नाही पाहा लागत, डोयानं पाहा लागते." खुणा मात्र त्यांनी नीट सांगितल्या. रंग गुलाबी-पांढऱ्यावरून विटकरी होतो. गर कडा सोडून सराट्याबरोबर गोळा होऊन फिरू लागतो. बुडात सराट्याने रेघ ओढली तर ती लगेच बुजत नाही. थेंबभर थंड ताटलीवर टाकला आणि निवल्यावर बोटाला चिकटला नाही तर झाले. अॅरिस्टॉटल म्हणतो की वागण्यातला विवेक नियम पाठ करून येत नाही, तो समोरच्या एकेका प्रसंगाच्या अनुभवातून येतो. आम्ही हे तीन वर्षे पुस्तकातून शिकलो. आजी कढईपाशी शिकल्या. त्यांची पहिली पेराद करपली होती आणि दुसरी ओली राहिली होती, हेही त्यांनी सांगितले.

उतरवताना एक चमचा लोणी किंवा तूप घालून ढवळावे. तूप लावलेल्या कोपरात ओतून बोटभर जाडीचे पसरावे. रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी वड्या कापाव्यात आणि बटर पेपर घालून डब्यात भराव्यात. डिसेंबरात आपली हवा कोरडी असते, त्यामुळे महिनाभर चांगल्या राहतात. या बाबतीत आपण वसईकरांपेक्षा भाग्यवान. तिकडच्या दमट हवेत चिक्की लवकर चिकट होते, आपली खडखडीत राहते. ताटात वडीच्या जोडीला तिळाची चिक्की, मेळघाटातली चारोळी लावलेली रव्याची वडी किंवा गोडंबीचा लाडू शोभेल. गोडंबी मात्र सोललेलीच विकत घ्यावी. बिब्बा घरी फोडू नये, त्याच्या तेलाने हातावर फोड येतात.

दोन किलो पेरूंच्या सुमारे सत्तर-ऐंशी वड्या होतात. येथे आपण त्या भगिनीच्या प्रश्नाकडे परत येतो. सत्तर वड्या एक घर खाऊ शकत नाही. त्या बाहेर जाव्याच लागतात. दुकानातला डबा घेताना आपण आधी माणूस ठरवतो आणि मग डबा घेतो. फादर, साहेब, मुलाच्या शाळेतील शिक्षक. यादी संपली की खरेदी संपली. घरची वडी उलट्या वाटेने जाते. वड्या आधी समोर असतात आणि आता या कोणाला, असे म्हणत आपण मनाने गल्लीतून फिरू लागतो. तशा फिरण्यात ते बंद दार आठवण्याचा संभव जास्त असतो. फक्त संभव, खात्री नव्हे. जुन्या काळीही 'त्यांनी मागच्या वर्षी किती पाठवले' असा हिशेब ठेवणारी घरे होती, आणि ज्यांच्याशी भाऊबंदकीचे भांडण त्यांना ताट जात नसे. घरी केले म्हणून मन आपोआप मोठे होत नाही. तसेच कारखान्यात वा इस्पितळात पाळी करून येणाऱ्या बहिणीने डबा विकत आणला तर तिने काही कमी केले असेही नाही. तो डबा कोणाच्या दारी गेला एवढेच तिने पाहावे.

म्हणून यंदा असे ठरवले आहे. पॅरिश हाऊसला कृपया मिठाई पाठवू नये. आम्ही रागावलो असे कोणी समजू नये; आमच्या वाट्याची दुसरीकडे न्यावी. ज्या घरी यंदा कोणी गेले आहे, कोणी इस्पितळात आहे, काम सुटले आहे किंवा म्हातारे माणूस एकटेच आहे, अशा घरांची नावे तुमच्या वाडीच्या प्रमुखांकडे द्यावीत, मग ते घर आपल्या चर्चचे असो वा नसो. नाव चिठ्ठीवर लिहून द्यावे, मोठ्याने सांगू नये. ताट नेणाऱ्यांनी फोटो काढू नयेत. आणि दारातून परत न येता दहा मिनिटे बसून यावे.

आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी, म्हणजे गुलाबी मेणबत्तीच्या रविवारी, दुसऱ्या मिस्सानंतर शाळेच्या स्वयंपाकघरात आपण एकत्र पेराद करणार आहोत. साखर, लिंबे आणि गॅस पॅरिशकडून. आजींच्या हाताला आता कंप आहे, त्या खुर्चीवर बसून सांगतील. ढवळायला तरुणांनी यावे, मुलग्यांनीही. मागच्या वर्षी बिस्किटांची बशी पुढे करणारी ती मुलगी पेरू चाळायला येते म्हणाली आहे. प्रत्येक घराने दोन किलो पेरू, एक चाळणी आणि झाकणाचा रिकामा डबा आणावा. पेरू घरून धुऊन आणावेत, शाळेच्या नळाला दुपारी पाणी नसते.